बिनधुराचा कोळसा

पोलादपूरच्या बाजारात महिपत उतेकराची कोळशाची वखार होती, आणि त्या वखारीत धूर करणारा एक खडा जरी सापडला तरी मिशी उतरवीन, असं तो चारचौघांत सांगायचा. उगाच फुशारकी नव्हती ती. डोंगरातल्या भट्टीवरून गोणी उतरल्या की हा गडी स्वतः उकिडवा बसायचा आणि एक कोळसा दुसऱ्यावर आपटून बघायचा. खण्ण वाजला की पोटापर्यंत जळलेला, पक्का. बद्द वाजला की आत लाकूड राहिलंय, कच्चा. तो वरून लाल होणार आणि मग आतून धुमसत घरभर रडारड करणार. असा कच्चा माल तो भट्टीवाल्या चांगूच्या अंगावर भिरकवायचा. "हा ने तुझ्या सासऱ्याला शेकायला!" चांगू हसत हसत ते तुकडे गोळा करायचा. वर्षानुवर्षं दोघांचं असंच चालायचं.

त्यामुळे महिपतचं नाव थेट महाडपर्यंत. तिथल्या वकिलांच्या, मास्तरांच्या, कचेरीतल्या कारकुनांच्या बायका सांगून ठेवायच्या, कोळसा उतेकराचाच आणा, भांडी काळी होत नाहीत आणि डोळे चुरचुरत नाहीत. महिपत आठवड्याला एस.टी.च्या टपावर गोणी टाकून महाड गाठायचा आणि घरोघर पोचवून यायचा. माणूस तापट. नाकाच्या शेंड्यावर राग. पण मापात पाप नाही, मालात खोट नाही. बायको रंगूबाई लवकर गेली, मागे एकच लेक, बनू. तिच्यासाठी त्याने दुसरं लग्न केलं नाही. लोक सांगून थकले, हा चिडून थकला नाही.

असल्या माणसाच्या मागे जी साडेसाती लागली, ती त्याच्या चांगल्या कोळशामुळेच लागली. वाईट माल विकला असता तर सुखात राहिला असता. ऐकायला विचित्र वाटतं, पण झालं तसंच.

महाडात शरद मास्तर म्हणून एक शिक्षक होते. नवं लग्न, दोन खोल्यांचं बिऱ्हाड. गावात विजेचे दिवे येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि मास्तरांनी हौसेने विजेची शेगडी घेतली होती. कोळशाची जुनी शेगडी फळीवर जाऊन बसली. महिपतला तेव्हा रागच आला होता. "तार तुटली की या माझ्याकडंच," असं तो पायरीवरूनच बोलून आला होता. आणि श्रावणात सावित्री नदी फुगली, वादळाने खांब पडले, सगळं महाड अंधारात गेलं. चार दिवस ना दिवा, ना विजेची शेगडी. घरात ओल, कपडे वाळेनात, मास्तरांना बारीक ताप. मास्तरांच्या बायकोने, अनुपमाबाईंनी, फळीवरची शेगडी काढली, महिपतचा उरलासुरला कोळसा घातला, गॅलरीत पेटवून धूर जाऊ दिला आणि निखारे छान फुलल्यावर ती आत आणून ठेवली. वर दोरीवर कपडे. बाहेरून पावसाची झड येत होती म्हणून खिडकी लावली, दार लावलं, दोघंही उबेत झोपली.

सकाळी दूधवाल्याने दार बडवलं, उघडेना. शेजाऱ्यांनी कडी तोडली. अनुपमाबाई दाराच्या फटीशी पडल्या होत्या, त्या कशाबशा वाचल्या. मास्तर गेले ते गेलेच. चेहरा मात्र असा गुलाबी, की आता उठून हजेरी घेतील.

गावात कुजबुज सुरू झाली की कोळशात काहीतरी कालवलं होतं. महिपत तडक महाडला गेला आणि रघुवीर डॉक्टरांच्या दवाखान्यात उभा राहून ओरडला, "डॉक्टरसाहेब, माझ्या कोळशात खोट दाखवा, वखारीला काडी लावतो!"

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी त्याला बसवलं. "तुझ्या कोळशात खोट नाही, महिपत. तोच तर घोटाळा आहे. बंद खोलीत कोळसा जळला की त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, पाय जड होतात, झोप येते. माणसाला वाटतं, उबेने गुंगी आली. मग तो उठतच नाही. तुझा कोळसा कच्चा असता तर मास्तर खोकून खोकून जागे झाले असते, खिडकी उघडली असती. धूर परवडला. तो सांगून तरी येतो."

"म्हंजे काय करायचं?"

"काय करायचं! खिडकी उघडी ठेवायची. झोपताना शेगडी घराबाहेर काढायची. एवढंच."

एवढंच! महिपतला वाटलं, एवढंच तर आहे, सांगितलं की झालं. तिथेच त्याची फसगत झाली. लोकांना कठीण गोष्ट पटवता येते; सोपी पटवायला गेलं की ते म्हणतात, हे तर आमच्या आज्यालाही कळलं असतं, मग त्याने का नाही सांगितलं?

तरी तो सांगू लागला. गोणी पाठीवर देताना सांगायचा, सुटे पैसे मोजताना सांगायचा, देवळाच्या पारावर, सलूनच्या बाकावर, एस.टी.च्या रांगेत, जिथे तोंड उघडेल तिथे सांगायचा. "खिडकी उघडी ठेवा. शेगडी घेऊन झोपू नका."

"खिडकी उघडी ठेवायची तर शेगडी पेटवू कशाला रे?" एक म्हातारी म्हणाली. "गाव तापवायला?"

"अगो, वायू असतो त्यात!"

"दिसतो का?"

"नाय."

"वास येतो?"

"नाय!"

"मंग तुला कसा कळला?"

यावर महिपतच्या तोंडाला फेस यायचा. डॉक्टरांचं नाव घेतलं तर लोक म्हणत, डॉक्टर सुईवाले, त्यांना सगळ्यातच रोग दिसतो. मास्तरांचं नाव घेतलं तर म्हणत, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं. आणि पलीकडच्या आळीत कुशाबाची वखार होती, तिथे तर निम्मा कोळसा बद्द वाजणारा. त्या कुशाबाने संधी साधली. तो गिऱ्हाइकाला हसून सांगू लागला, "महिपत सोताच सांगतो ना, त्याच्या कोळशान मानूस मरतो? आमच्या कोळशान मेला का कोन? खोकतात जरा, पन मरत नायत!"

झालं. गिऱ्हाईक हळूहळू पलीकडे सरकलं. उरलं ते टिंगल करायला यायचं. पोरं लांबून "खिडकी महिपत!" म्हणून ओरडून पळायची. तो काठी घेऊन धावायचा, धाप लागून परत यायचा आणि वखारीच्या उंबऱ्यावर बसून स्वतःशीच भांडायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने निघताना मुद्दाम विचारलं, "काय महिपतराव, खिडकी लावू का उघडू?" तर त्याने त्याची गोणी परत ओढून घेतली. "तुला कोळसाच देत नाय, जा! थंडीन मर, पन माझ्या हातान मरू नको!" अशाने धंदा चालतो होय? पण त्याला ते मास्तर दिसायचे. ती शेगडी त्याने स्वतः भरून दिली नव्हती, पण कोळसा त्याच्या हातचा, निवडून, वाजवून दिलेला. त्याचं त्यालाच सहन होत नव्हतं.

अशी तीनेक वर्षं गेली, आणि बनूला दिवस गेले.

बनू दिली होती उंबरवाडीला, आंबेनळी घाटाच्या अंगाला, वर डोंगरात. नवरा भागोजी मुंबईला गिरणीत. घरी सासरा रावजी, देवमाणूस, म्हणजे तोंडात जीभ नसलेला. आणि सासू बयाबाई, तिच्याकडे त्याची पण जीभ होती. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. पण माहेरी बाईमाणूसच नाही तर करणार कोण? बयाबाईने निरोप धाडला, "बाळंतपन आमी करतो. पन मायारान काय तरी नको करायला? कोळसा तुमच्याकडचा धाडा. बिनधुराचा. बाळंतिणीच्या डोळ्यास्नी धूर बरा नाय."

महिपतने दोन गोणी निवडल्या. एकेक तुकडा वाजवून घेतला. गोण्या घेऊन जाणाऱ्या गड्याला दहादा बजावलं, "सांग त्यास्नी, खिडकी उघडी ठेवा म्हनावं." गडी हो हो म्हणाला आणि वाटेत विसरला, किंवा त्याला सांगायची लाज वाटली.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत बनू बाळंत झाली. मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी महिपत तूप, गूळ, खोबरं, डिंक बांधून सकाळी सकाळी डोंगर चढला. नात बघायची म्हणून पाय नुसते उडत होते. अंगणात पोचला आणि त्याची नजर आधी खिडकीवर गेली.

खिडकी नव्हतीच. म्हणजे होती, पण चिंध्यांचे बोळे कोंबून वरून शेणाने लिंपून टाकली होती. दाराला दुहेरी गोधडी. कौलांखालच्या फटीसुद्धा गवत घालून बुजवल्या होत्या. बयाबाईचं काम म्हणजे चोख काम.

"या व्याहीबुवा," बयाबाई म्हणाली. "वारा शिरायला सुईच्या नाकाएवढी जागा ठेवली नाय. कोळसा मात्र झकास तुमचा. रातन्‌दिस बाजेखाली शेगडी हाय, पन धुराचा मागमूस नाय बघा."

महिपतने घाईने विचारलं, "बनू कशी हाय?"

"तशी बरी. जरा डोका दुखतो म्हनते. खाल्लेला उलटतो. आन पोर झोपाळू, दुधाला पन उठत नाय. पन तोंडावर काय लाली आलीय म्हनता! शेक चांगला लागलाय."

डोकं. उलटी. झोप. लाली. डॉक्टर समोर उभे राहून बोटं मोजतायत असं त्याला झालं. तो गोधडीपाशी धावला. सोयरातल्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, म्हणून दाराशीच थांबला आणि त्याने हाक मारली. "बनू! अगो बनू!"

आतून ओळखू न येणारा आवाज आला. "आबा... डोका फुटतोय ओ. पाय उचलत नायत."

मग महिपतने काय केलं असेल? जे तो तीन वर्षं करत आला होता तेच केलं, ओरडला. आणि ओरडता ओरडता बाहेर जाऊन खिडकीचं लिंपण नखांनी उकरायला लागला. शेणाचा पापुद्रा पडला, एक बोळा निघाला. बयाबाई हातातला कोयता टाकून धावत आली.

"ओ, याड लागला का तुमास्नी? पोरीला वारा लागून मरायची हाय का?"

"वाऱ्यान नाय मरायची, कोंडल्यान मरल! विहीणबाई, ह्या कोळशात वायू असतो. महाडचा मास्तर असाच मेला. असाच! डोका दुखला, झोप आली, सकाळी मेलेला!"

"मास्तर काय बाळंत झाला व्हता?"

अंगणात जमलेल्या बाया फिस्सकन हसल्या. महिपतच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. रावजीने येऊन त्याचा हात धरला. "व्याहीबुवा, बाळंतिणीच्या खोलीला पुरुसान हात लावू नये. रीत नाय."

"रीतीला काय जाळायची हाय? माझी लेक जाते तिथं!"

"लेक तुमची, पन सून आमची," बयाबाई म्हणाली आणि तो बोळा उचलून परत कोंबला, वरून आणखी एक. "भगताला विचारलाय मी. बाहेरची बाधा हाय म्हनाला. शेक वाढवायचा, धूप घालायचा. आज दिवस मावळला की दोन शेगड्या ठेवते. तुमी जेवा आन निघा."

दोन शेगड्या! महिपत जेवला नाही. गुळा-खोबऱ्याचं गाठोडं ओट्यावर टाकून तो तसाच उतरायला लागला. बनूला उचलून न्यावं? सोयरातली बाळंतीण उचलून नेली तर ते घर तिला परत उंबरा ओलांडू देणार नाही, आणि पाच दिवसांचं पोर घेऊन या थंडीत डोंगर उतरायचा कसा? डॉक्टरांना आणावं? ते महाडात, एस.टी.ने जाऊन येईपर्यंत दुसरा दिवस उजाडेल; आणि आले तरी बयाबाई त्यांना विचारील, तुमी कधी बाळंत झाला व्हतात का? ओढ्यावर येऊन तो दगडावर बसला आणि कपाळ बडवून घेतलं. तीन वर्षं गावाला घसा फोडून सांगितलं. एकाने ऐकलं नाही ते नाही. आता स्वतःची लेक, स्वतःच्याच निवडलेल्या कोळशावर. ज्या कोळशाचा एवढा ताठा मिरवला, तोच!

"कच्चा असता तर," असं डॉक्टर म्हणाले होते. "धूर परवडला. तो सांगून तरी येतो."

महिपत ताडकन उठला. चांगूची भट्टी ओढ्याच्या पलीकडे, रानात, हाकेच्या अंतरावर नसली तरी पळत जाण्याच्या अंतरावर होती. तो धापा टाकत पोचला तेव्हा चांगू माती उकरून कोळसा थंड करत होता. बाजूला एक ढीग वेगळा टाकलेला, वेळेआधी भट्टी फुटून वाया गेलेला.

"चांगू, त्यातला कच्चा माल दे मला. लवकर."

चांगूने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "शेट, ऊन लागला काय तुमाला? हा कुशाबा पन घेनार नाय. निस्ता लाकूड हाय आत."

"तोच पायजे. बनूला न्यायचाय."

"बनूला? लेकीच्या बाळंतपनाला हा? तुमचा नाव जाईल, शेट."

"जाऊ दे नाव."

आणि मग चांगूने जन्मात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. महिपत उतेकर ढिगापाशी उकिडवा बसला आणि कोळसा वाजवायला लागला. खण्ण वाजला की फेकून देई. बद्द वाजला की पाटीत टाकी. पाटी शिगोशीग भरली, ती डोक्यावर घेऊन तो परत डोंगर चढायला लागला.

वाटेत त्याच्या लक्षात आलं की नुसता हा कोळसा देऊन भागत नाही. घरात चांगला कोळसा दीड गोण पडलाय. तो का म्हणून टाकतील? तिथे त्याने आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट ठरवली. त्याने खोटं बोलायचं ठरवलं.

अंगणात पाटी ठेवली आणि सरळ बयाबाईच्या पायांवर हात ठेवले. बाई दोन पावलं मागे सरली.

"विहीणबाई, चूक माझी. भगत बोलला ते खरा हाय. मी आता भट्टीवर जाऊन इचारून आलो. त्या दोन गोण्यांतला कोळसा मसणवटीच्या अंगच्या आईनाच्या झाडाचा निघाला. मला ठाव नव्हता. बाधा त्यातूनच आलीय."

बयाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती गोधडी सारून आत गेली, बाजेखालची पेटती शेगडी पदराने धरून बाहेर आणली आणि सगळे निखारे उकिरड्यावर उलटे केले. "अवो, काय बघताय? त्या गोणी उचला! वढ्यात टाका! समद्या टाका!"

महिपत बघत राहिला. वायू म्हटलं तर बोळे कोंबले. भूत म्हटलं तर शेगडी होती तशी बाहेर आली, एक प्रश्न नाही, एक टोमणा नाही. त्याला हसावं की त्या उकिरड्यावर डोकं आपटावं कळेना. पोरीच्या जिवावर बेतलं होतं तेव्हा खरं बोललेलं चाललं नाही आणि खोटं कसं तुपात बुडवल्यासारखं गिळलं गेलं! शिव्या ओठांपर्यंत आल्या त्या त्याने गिळल्या. काम अजून अर्धंच झालं होतं.

"हा नवीन आनलाय," तो पाटी पुढे सरकवत म्हणाला. "देवाच्या रानातला."

बयाबाईने शेगडी अंगणात पेटवली. धूर झाला, जरा वेळाने ओसरला, वरचे तुकडे लाल दिसायला लागले. तिने शेगडी आत नेली, गोधडी सोडली. महिपत ओट्यावर बसून वाट बघत राहिला.

आधी बनू खोकली. मग तान्ही खोकली. मग बयाबाई, आणि मग ती डोळे चोळत, नाक पुसत गोधडीतून बाहेर पडली. "काय हो हा कोळसा! मेला आतून धुमसतो!" तिने शेगडी बाहेर आणली, फुंकली, परत आत नेली. परत तोच तमाशा. दुसरा कोळसा घरात नाही, लाकूड लावलं तर त्याचा धूर याहून मोठा, आणि शेक बंद ठेवायचा तर भगताचा हुकूम मोडतो. तिसऱ्यांदा ती बाहेर आली ती खोकत, रडत आणि महिपतच्या सात पिढ्या उद्धरत. खिडकीपाशी गेली आणि स्वतःच्या हातांनी लिंपण उचकटलं, बोळे ओढून काढले, एक, दोन, सगळे. मग रावजीला कौलावर चढवून दोन कौलं सरकवायला लावली. धुराचा लोट बाहेर पडला आणि आत डोंगरावरची गार हवा शिरली.

"कोळसेवाला म्हनं! नाव मोठा आन लक्षान खोटा! लेकीच्या बाळंतपनाला असला धुरकट माल आनतो, लाज नाय वाटत?"

"चूक झाली, विहीणबाई," महिपत म्हणाला. तापट महिपत, नाकाच्या शेंड्यावर राग असलेला महिपत, मान खाली घालून बसला होता.

दिवस कलला तेव्हा तान्ही रडली. चांगली गळा काढून, भुकेने रडली. पाच दिवसांत पहिल्यांदाच, असं रावजी हळूच बोलला. थोड्या वेळाने आतून बनूने पेज मागितली. महिपतने तोंडावर उपरणं घेतलं आणि ओट्याच्या खांबाला टेकून बसला. तो रडतोय हे रावजीला कळलं, पण रावजी बोलणारा माणूस नव्हता.

बनू वाचली. पण महिपतचं नाव गेलं, अगदी चांगू म्हणाला होता तसं. पुढच्या बाजारापर्यंत उंबरवाडीपासून महाडपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की उतेकर मसणवटीतला कोळसा विकतो आणि लेकीलाही सोडत नाही. तीन वर्षं ओरडून एक खरी गोष्ट चार घरांत शिरली नाही. एक खोटी आठवड्यात डोंगर उतरून गेली. कुशाबाने गिऱ्हाइकांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले. चांगू तर वखारीत येऊन भांडला. "तुमची पोर वाचली, बरा झाला. पन माझ्या भट्टीत मसणातली झाडा घातलीत ना शेट? आता माझा माल कोन घेल?" "मी घेन," एवढंच महिपत म्हणाला, आणि घेत राहिला. विकला जावो न जावो.

बाराव्या दिवशी बारसं होतं. महिपत गेला. बायांची गर्दी, पाळण्याला फुलं, घुगऱ्या. बयाबाई मधोमध बसून शेजारच्या आनंदीबाईला शिकवत होती. आनंदीबाईची सून पण दिवसांत होती.

"ऐक गो, मी सांगते. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कदी पन पुरती लिंपू नको. वर दोन कौला सरकवून ठेव. कोळशातून बाधा निगते, तिला भायेर जायला वाट लागते. वाट नाय मिळाली का ती बाळंतिणीच्या डोक्यात शिरते. मी बघितलाय ना सोताच्या डोळ्यांनी!"

"बाई बाई," आनंदीबाई म्हणाली. "ठेवीन हां उघडी. उद्याच सांगते सुताराला, खिडकी लहान हाय, मोठी करून घेते."

महिपतच्या कपाळाची शीर उडायला लागली. बाधा! मोठी करून घेते! हेच, हेच तर तो तीन वर्षं सांगत नव्हता का? डॉक्टरने सांगितलेलं, मास्तरच्या मरणाने दाखवलेलं, ते ह्या बाईच्या तोंडून भूत होऊन निघालं की लगेच सुताराला बोलावणं! तो उठला, बोट वर केलं, तोंड उघडलं. "अवो, बाधाबिधा काय नाय, तो..."

"आबा," बनू पाळण्यापाशी बसली होती, तिथून म्हणाली. "घुगऱ्या घ्या. निवतात."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं बोट आपोआप खाली आलं. त्याने घुगऱ्यांचा द्रोण घेतला आणि चावत बसला. आयुष्यात इतकं कठीण काही चावलं नसेल त्याने.

निघताना बनू नातीला घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत आली. ती खिडकी आता उघडीच होती, आतला पडदा वाऱ्याने हलत होता.

"आबा, खरा सांगा. तो पयला कोळसा मसणवटीतला होता?"

महिपतने आजूबाजूला पाहिलं. बयाबाई आत होती.

"नाय गो पोरी. आपलाच होता. सगळ्यात चांगला, एकेक वाजवून घेतलेला." त्याने नातीच्या पायाला बोट लावलं. "मी समद्यास्नी खरा सांगत होतो गो. कुनी ऐकला नाय."

बनू तान्हीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं करत म्हणाली, "मंग दुसऱ्या खेपेला पन तसलाच घान कोळसा आना, आबा. आन आत्ये शिव्या देतील त्या ऐकून घ्या."

"ऐकीन," महिपत म्हणाला, आणि डोंगर उतरायला लागला.